अंगठ्याचा दोरा

"हात चालव गो सुरभे! ऊन काय तुझा मामा हाय, थांबायला?"

पेणच्या आतल्या गावात उन्हाळाभर अंगणात खाटा मांडलेल्या असत. खाटांवर जुनी लुगडी, लुगड्यांवर उडदाचे पापड. सुरभीची आई मैनाबाई ओट्यावर बसायची. दोऱ्याचं एक टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, दुसरं मुठीत. पिठाची वळी दोऱ्याच्या वेढ्यात धरायची, एक हिसका द्यायचा, की लाटी टपकन ताटात. आणि हिसक्यांच्या तालावर तिचा तो आवाज:

लाटीमागं पडे लाटी, ताटी चांदण्या भरल्या,
लेक माझी लाटू लागे, माझ्या बांगड्या हसल्या.

तीस वर्षं झाली. अजून रविवारी रामवाडीला, घराजवळ, रोह्याची एसटी धरली, की तो आवाज सुरभीच्या शेजारी येऊन बसायचा. नागोठण्यापर्यंत सोबत करायचा. पुढे रोहा जवळ आलं की गप्प.

कारण आई आता बोलत नव्हती. तिला रोह्याच्या वृद्धाश्रमात ठेवून तीन महिने झाले होते. सुरभी भेटायच्या वेळेला, चार वाजता जायची. आई खाटेवर पडलेली, गळ्यापर्यंत चादर, डोळे अर्धवट मिटलेले. "थकल्यात आता," असं तिथली माणसं सांगायची. सुरभी तासभर बसायची आणि शेवटच्या गाडीच्या आत परतायची.

त्या रविवारी मात्र डोलवीला कंपनीच्या कँटीनमध्ये तिची शिफ्ट बदलली, म्हणून ती सकाळीच गेली. अकरा वाजले होते. हॉलमध्ये नऊ खुर्च्या आणि नऊही खुर्च्यांत माणसं झोपलेली. टीव्हीवर एक बाई हसत हसत पुरण वाटत होती. बघायला कोणी नव्हतं.

शेवटच्या खुर्चीत आई. मान छातीवर, ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा धागा. आणि दोन्ही मनगटं पांढऱ्या पट्ट्यांनी खुर्चीच्या हातांना बांधलेली.

सुरभी तिथंच उभी राहिली. पट्टी ओळखीची नव्हती. गाठ ओळखीची होती.

"ताई, तुम्ही आत्ता कशा?" मालू धावत आली. मालू इथं म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायची, भरवायची. "चार वाजता येता ना तुमी?"

"हिला का बांधलंय?"

"काय करू मग? आजी चादरीचे दोरे उसवतात. तीन चादरी फाडल्या. दोरा काढायचा नि पायाच्या अंगठ्याला आवळून गुंडाळायचा. अंगठा निळा होतो वो! नि दुसरं टोक हातात धरून हिसके. मॅडम म्हणल्या, उद्या गळ्याला लावतील."

सुरभीला हसू आलं. ते पाणी होऊन डोळ्यांत उतरलं.

"अगो, ती लाट्या पाडते."

"काय पाडतात?"

"पापडाच्या लाट्या. सुरीनं नाय, दोऱ्यानं पाडतात आमच्यात. माझ्या शाळेची फी ह्याच अंगठ्यावर निघाली."

मालू आईच्या पायाकडे बघत राहिली. अंगठ्याच्या बुडाशी जुना, खोल वळ होता. इतके दिवस ती तो पाय धूत होती.

"सोड ना तिला," सुरभी म्हणाली.

"मला नाय सोडता येत. कागदावर हाय, त्या मारतात म्हणून. त्याच्यावर तर दोन गोळ्या वाढवल्या. सकाळची घेतली की अशाच पडून राहतात." मालूनं आवाज उतरवला. "खरं सांगू ताई? मला कदी नाय मारलं. एकदा भरवताना गालावरून हात फिरवला माझ्या. माझ्या आयशीनं पण नाय फिरवला कदी."

मग इकडंतिकडं बघून तिनं उजव्या हाताची गाठ सोडली. "पाच मिन्टं हां."

हात मांडीवर पडला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. सुरभीनं आपल्या ओढणीच्या काठाचा दोरा ओढला, खाली बसून आईच्या अंगठ्याला सैल गुंडाळला आणि दुसरं टोक तिच्या मुठीत दिलं. बोटं ताठ होती. एकेक मिटवावं लागलं.

"आये," ती म्हणाली, "ऊन चाललंय गो."

बराच वेळ काही झालं नाही. मग मूठ हलली. हिसका नव्हता तो, नुसतं थरथरणं. पण दोरा ताणला गेला. आईच्या ओठांतून वारा बाहेर पडला, शब्दाविना.

"कोणी सोडलं त्यांना?"

ऋजुता मॅडम दारात उभ्या होत्या. आश्रम त्याच चालवायच्या. मालूचा हात आपोआप पट्टीकडे गेला.

"मी सोडायला लावलं," सुरभी उठली. "माणसाला असं बांधतात का? औषधाच्या गोळ्या देऊन देऊन मारून टाकाल तिला!"

मॅडम चिडल्या नाहीत. कपाटातून फाईल आणून त्यांनी ती सुरभीपुढं धरली. "हे प्रवेशाच्या अर्जावरचं तुमचंच अक्षर ना? 'अंगावर धावून येते, मारते.' डॉक्टरांनी ह्याच्यावरूनच औषध ठरवलं. नऊ म्हातारी माणसं, सांभाळायला दोन बायका. उद्या ह्यांनी मालूला किंवा शेजारच्या आजोबांना फटका मारला तर जबाबदार कोण? मंगळवारी डॉक्टर येतील. तुम्ही सांगा, मी लिहून ठेवते. घरी किती वेळा मारलं होतं त्यांनी?"

सुरभी आपल्याच अक्षराकडे बघत राहिली. रामवाडीचं घर डोळ्यांपुढं आलं. पदरात कोरडं पीठ घेऊन, ऊन शोधत, आई हायवेवर गेली होती. ट्रकवाल्यानं हात धरून आणून सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट होती, आणि आईचंच जुनं लुगडं दोरीवर वाळत होतं. पुढं शेजारणीनं आईच्या मनगटांवरचे वळ पाहिले. "मारते गो, काय करणार?" हे उत्तर तिनं तेव्हा पहिल्यांदा दिलं होतं.

आत्ता फक्त 'बरेचदा' म्हणायचं होतं. कोणी पुन्हा विचारलं नसतं. मालू पट्टी हातात धरून थांबली होती. मागं ओढणीचा दोरा पुन्हा एकदा, जेमतेम, ताणला गेला.

"लिहा मॅडम," सुरभी म्हणाली. आवाज तिनं आईला ऐकू जाईल इतका मोठा केला. "आईनं कधीच कोणाला मारलं नाय. मी खोटं लिहिलं. मीच बांधायचे तिला, शिफ्टला जाताना, खाटेला, तिच्याच लुगड्यानं."