चढावर बंद पडणारा टेम्पो

अमृतभाऊने जिव्याला चोर म्हटलं ते चिकूच्या शेडमध्ये, भर दुपारी, पंधरा बायांच्या देखत. बाया खाली बसून चिकू निवडत होत्या, मोठा एकीकडे, बारका एकीकडे. त्यांच्यात जिव्याची बायको नवशीही होती. हातातला चिकू तिने टोपलीत ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. हे मला तिथे असलेल्या दुसऱ्या बाईने सांगितलं. मी त्या वेळी माझ्या गॅरेजमध्ये कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली पडलो होतो. पण त्या भांडणात मी नव्हतो असं म्हणायला मला तोंड नाही, कारण अमृतभाऊच्या हातात काठी दिली होती ती मीच.

झालं होतं असं. घोलवडात अमृतभाऊची चिकूची मोठी वाडी, आणि त्याच्याकडे वीस वर्षांचा एक डिझेल टेम्पो. जिव्या नऊ वर्षं तो चालवत होता. रोज दुपारी खोकी भरून तलासरीला हायवेवर न्यायची, तिथे दिल्लीचा ट्रक उभा असतो, त्यात चढवायची आणि परत यायचं. २०१७ सालचा मार्च होता. दिवाळीपासून हा टेम्पो वाटेत बंद पडायला लागला होता. रोज नाही. चार दिवस मुकाट चालायचा आणि पाचव्या दिवशी चढावर खोकून मान टाकायचा. दहा-पंधरा मिनिटं उभा राहिला की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. दोनदा दिल्लीचा ट्रक निघून गेला आणि चिकू परत आला. मार्चच्या उन्हात परत आलेला चिकू म्हणजे दुसऱ्या दिवशी डुकरांचं जेवण.

वापीच्या एका गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला, पंप बदलला, नोझल काढून तपासून आणले. पार्ट बदलायला अक्कल लागत नाही, पाना लागतो. टेम्पो तरीही बंद पडायचा तो पडायचाच. मग अमृतभाऊने तो माझ्याकडे आणला. मी अर्धा तास जागेवर चालू ठेवला, कान लावला, धूर पाहिला आणि दात कोरत सांगितलं की अमृतभाऊ, गाडीत काही खोट नाही. महिन्याने पुन्हा आणला, पुन्हा तेच सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. रिकामा टेम्पो जागेवर चालवून चढावरचा रोग सापडत नसतो, हे मला वीस वर्षांत कळायला हवं होतं. पण हातात दुसरं काम होतं आणि कंटाळा आला होता.

माझं ते वाक्य अमृतभाऊने घट्ट धरून ठेवलं. मिस्त्री म्हणतो गाडी ठीक आहे, म्हणजे ती बंद पडत नाही, हा बंद करतो. रस्त्याला थांबवून डिझेल काढतो आणि विकतो. शेडमध्ये तो हेच ओरडला, आणि रविवारी तुझ्या पाड्यावर येतो, तुझ्या पंचांसमोर सांगतो, असंही म्हणाला. पाड्यावर चोरी शाबीत झाली तर पंच दंड घेतातच, पण दंड फिटतो. चोराचं घर हे नाव फिटत नाही. लग्नाच्या पंगतीत पान दूर मांडतात, आणि पोरांच्या पोरांनाही कुणीतरी कधीतरी ते ऐकवतंच.

संध्याकाळी नवशी माझ्या गॅरेजवर आली. एकटीच आली आणि चिंचेखाली उभी राहिली. मी बस म्हटलं, ती बसली नाही.

"मेस्तरी, तुमी सांगितला गाडीत खोट नाय," ती म्हणाली. "मंग खोट कोणात हाय, ता पण सांगा."

मी म्हटलं, जिव्या काय म्हणतो?

"तो काय बोलंल. तो जेवला नाय. बोलतं, शेट बोलला तर खराच असंल, माना कय कलत नाय." मग म्हणाली, "माझे शेजारची बाई उठून दुसरे जागी बसली. नव वरसं आमी एके जागी बसून चिकू निवडलां."

ती गेली आणि मला माझीच किळस आली. हाताचं ऑइल रॉकेलने जातं, हे कशाने जाणार?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी गॅरेजला कुलूप घातलं आणि अमृतभाऊला सांगितलं की आज टेम्पोबरोबर मी जातो. तो हसला. जा, बघ त्याची करामत, म्हणाला. निघण्याआधी मी त्याला सरळ विचारलं, टाकीत कधी काही पडलंय का, कुणी काही घातलंय का? त्याने मान हलवली, नाही. माझ्याकडे न बघता हलवली. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मी एक साधी युक्ती केली. टेम्पोची टाकी इंजिनापासून तोडली, म्हणजे तिचा पाईप सोडवला, आणि पाच लिटरचा डिझेलचा कॅन सीटमागे बांधून त्यातून नळी थेट पंपाला दिली. आता टेम्पो कॅनमधलं डिझेल पिणार, टाकीतलं नाही. असं करून बंद पडला तर दोष इंजिनात. नाही पडला तर दोष टाकीत किंवा तिच्या पाईपात. एवढं सोपं काम मी महिन्यापूर्वी केलं असतं तर कुणाचं पान दूर मांडायची वेळ आली नसती.

खोकी भरून आम्ही निघालो. ऊन असं की रस्त्याचं डांबर टायरला चिकटत होतं. जिव्या समोरच बघत होता. प्रत्येक चढाला त्याचे हात स्टिअरिंगवर आवळायचे. टेम्पो मात्र गेला, तलासरीला पोचला, रिकामा करून परत आला, एकदाही खोकला नाही. परत येताना जिव्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, मेस्तरी, आज पन बंद पडाला पायजे होता, तुमी होता तर. बिचाऱ्याला वाटलं, टेम्पोनेही त्याच्याविरुद्ध साक्ष दिली.

शनिवारी मी टाकीचा पाईप परत जोडला, पण मध्ये हातभर पारदर्शक नळी घातली, आतलं डिझेल दिसावं म्हणून. आणि अमृतभाऊला म्हटलं, तुम्ही पण चला. तो आनंदाने आला. चोर पकडायचा म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आला. आम्ही तिघं पुढे बसलो, जिव्या, मध्ये अमृतभाऊ, दाराकडे मी.

निम्म्या वाटेवर, मोठ्या चढावर, टेम्पोने खोकायला सुरुवात केली. टेम्पो रांगत होता तेवढ्यात मी उडी मारून नळीकडे पाहिलं. नळीत डिझेल नव्हतं, नुसते बुडबुडे होते आणि नळी आत ओढली जाऊन चपटी झाली होती. टेम्पो बंद पडला. जिव्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते त्याने मुद्दाम तिथेच ठेवले, शेटला दिसावेत म्हणून.

मी पाईप पंपाकडून सोडवला आणि तोंडाने टाकीकडे फुंकला. आधी जोर लागला, मग आत काहीतरी हटलं आणि टाकीत बुडबुड वाजलं. पाईप जोडला, पंपातली हवा काढली, टेम्पो पहिल्या सेल्फला सुरू झाला. अमृतभाऊला म्हटलं, टाकीत काहीतरी पोहतंय. माल असला की इंजिन जोरात ओढतं, मग ते पाईपाच्या तोंडावर बसतं. इंजिन मेलं की ओढ सुटते आणि ते तरंगून बाजूला होतं. म्हणून पंधरा मिनिटांनी गाडी आपोआप बरी होते. अमृतभाऊने रुमाल काढून मान पुसली. त्याच्या गळ्यावरून घाम गळत होता, पण घाम सगळ्यांनाच होता.

परत आल्यावर शेडसमोर मी टाकी उतरवली. बाया काम सोडून उठल्या, नवशी पण. टाकीत तारेचा आकडा घालून फिरवला आणि जे हाताला लागलं ते ओढून काढलं. काळ्या गाळाने लडबडलेलं, मेलेल्या घुशीसारखं काहीतरी. वास असा की बायांनी नाकाला पदर लावला. मी ते रॉकेलात धुतलं. ती सुती दोऱ्याची जाळी होती. बांबूच्या टोकाला बांधून उंचावरचे चिकू काढतात ना, ती.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. टेम्पोच्या टाकीत चिकूची जाळी? तेवढ्यात वाडीचा जुना गडी चिमण पुढे झाला आणि भाबडेपणाने म्हणाला, "शेट, ही तर तुमी दिवाळीला मांगितली होती. माझेकडून तांब्याची तार पन घेतली होती."

मग सगळं बाहेर आलं, म्हणजे मी विचारून विचारून काढलं. कुठूनतरी अमृतभाऊने ऐकलं होतं की ड्रायव्हर लोक टाकीत नळी घालून डिझेल ओढतात. म्हणून त्याने कुणाला न सांगता टाकीच्या तोंडात आतल्या बाजूला जाळी कोंबली, तारेने बांधली. नळी आत जाऊ नये म्हणून. डिझेल भरताना पेट्रोल पंपावरच्या नोझलने ती कधीतरी आत ढकलली. महिन्याभराने त्याने बॅटरी मारून पाहिलं तर जाळी जागेवर नाही. म्हणजे जिव्याने काढली, म्हणजे जिव्या चोर. हा त्याचा पुरावा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा काखेत घेऊन हा दुसऱ्याला चोर म्हणत फिरत होता. आदल्या दिवशी मी तोंडावर विचारलं तेव्हाही नाही म्हणाला, कारण सापळा लावलाय हे चोराला कळू द्यायचं नव्हतं.

मी म्हटलं, अमृतभाऊ, आता या बायांसमोर जिव्याला दोन शब्द बोला.

तो बोलला. "जाळी होती म्हणून डिझेल वाचलं. नाहीतर कुणाचा काय भरवसा. बरं, झालं ते झालं, सोमवारी वेळेवर ये."

नऊ वर्षं मान खाली घालून हो म्हणणारा जिव्या. त्याने खिशातून किल्ली काढली आणि चिकूच्या टोपलीवर ठेवली. "गाडी आथा बरी चालंल, शेट," तो म्हणाला. "चालवाला दुसरा माणूस बघा." आणि तो निघाला. नवशीने पदर खोचला आणि ती त्याच्यामागून गेली. शेजारची ती बाई तिच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण शेट उभा होता.

रविवारी पाड्यावर अमृतभाऊ गेला नाही. आता कशाला, विषय संपला, म्हणाला. म्हणजे चोर म्हणायला पायात बळ होतं, चोर नाही म्हणायला गुडघे दुखत होते. मी गेलो. जाळी पिशवीत घालून नेली. पंचांमध्ये लडक्याबाबा सगळ्यात मोठा, त्याच्यासमोर मी जाळी ठेवली आणि सांगितलं की गाडीत खोट नाही असं मी न बघता बोललो, माझ्या त्या बोलण्यामुळे हे झालं. सगळं सांगितलं. पोरांपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. कुणी मला शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लडक्याबाबा म्हणाला, आमचा माणूस साफ हाय, बस. नवशीने कोरा चहा आणून दिला. मी पिऊन उठलो आणि जाळी तिथेच राहू दिली, तर तिने ती पिशवीत भरून माझ्या हातात परत दिली.

"ही त्याचे घरी पोचती करा," ती म्हणाली. "उद्या बोलंल, जाळी चोरली."

मी परस्पर घोलवडला गेलो. अमृतभाऊ ओटीवर बसून फोनवर ड्रायव्हर शोधत होता. नवशीचं बोलणं मी त्याला जसंच्या तसं सांगितलं आणि पिशवी समोर ठेवली. वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. बघितलं त्याने खाली, पिशवीतच बघितलं. जाळी दोन बोटांनी उचलून उलटी-पालटी केली आणि मला विचारलं, "आणि तांब्याची तार?"

मी अंगणात थुंकलो आणि मोटरसायकलला किक मारली.