उमरावांच्या खालची ओळ

मी एक जुनं पान आहे, मित्रांनो. एका जाडजूड रशियन कादंबरीचं. गोष्ट माझ्यावर नाही. ती माझ्यानंतर सुरू होते आणि सातशे चार पानं थांबत नाही. माझ्यावर फक्त माणसांची यादी आहे. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची मावशी, कुणाचं लग्न कुणाशी ठरलंय आणि ते कुणाला पसंत नाही, हे सगळं माझ्याकडे असतं.

माझा जन्म छापखान्यात झाला. अनुवादक गृहस्थ फार काटेकोर होते. त्या देशातल्या उमरावाला स्वतःचं एक नाव असतं, वडिलांचं एक, घराण्याचं एक, आणि आई हाक मारते ते चौथंच. अनुवादकांनी प्रत्येकाची चारही नावं लिहून आणली. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा कारागीर शेवटच्या उमरावापर्यंत पोहोचला आणि म्हणाला, "मास्तर, पान भरलं. एकच ओळ उरलीय."

"राहिलं कोण?"

"गाडीवान, स्वयंपाकी, दाई... अकरा जण आहेत."

"त्यांना नावं आहेत?"

"आहेत की. एकेकच."

अनुवादकांनी थोडा विचार केला. "मग नुसतं 'नोकरचाकर' घाला," ते म्हणाले. तसे ते वाईट गृहस्थ नव्हते. इतक्यात त्यांच्यासमोर कुणीतरी चहा आणून ठेवला आणि विषय संपला.

ग्रंथालयातली माझी पहिली वर्षं मानाची गेली. द्वंद्वयुद्धाचं प्रकरण लोक एकदाच वाचत, पण माझ्याकडे चाळीस वेळा येत. एका वकिलांचा समज झाला होता की तीन पुरुष एकाच मुलीच्या प्रेमात आहेत. माझ्याकडे येऊन त्यांनी खात्री करून घेतली. तो एकच पुरुष होता. वकील जरा खट्टू झाले.

उमरावांचं जग मी फार जवळून पाहिलं आहे. ते मेजवान्या देतात, परक्या भाषेत एकमेकांचा अपमान करतात, कंटाळतात, आणि कंटाळा का आला यावर दहा-दहा पानं बोलतात. पण हसू नका. त्यांच्यातले काही जण रडतात ते अगदी खरं असतं. लिहिणाऱ्याने त्यांच्या मनाचा कोपरान् कोपरा तपासला आहे. घरातले कोपरे कोण झाडतं, तिकडे मात्र त्याने फारसं पाहिलं नाही.

पुढे वाचक आटले. माझी शिवण उसवली. कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर मी अर्धा बाहेर लोंबत कितीतरी वर्षं काढली. धूळ सोडली तर माझ्याकडे कुणी येत नसे.

मग एक दिवस मी एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी गेलो. बाईंची नजर गेली होती. भाची दिवसभर कामावर, म्हणून तिने एक सोबतीण ठेवली होती. औषधं, आंघोळ, जेवण, आणि जेवणानंतर दोन तास वाचन, असं सोबतिणीचं काम होतं. बाईंनी ही कादंबरी चार वेळा वाचली होती. पाचव्यांदा शेवट बदलेल असं त्यांना वाटत होतं की काय, कोण जाणे.

एका दुपारी सोबतीण वाचता वाचता थांबली.

"काय गं, झोप आली?"

"नाही बाई. गाडीवान बाहेर उभा आहे."

"कुठला गाडीवान?"

"एकशे अठरा पानावरचा. राजपुत्र नाचायला आत गेला आणि याला म्हणाला, इथेच थांब. बर्फ पडतोय. आता एकशे एक्कावन्न आलं. राजपुत्र दुसऱ्याच्या गाडीतून घरीसुद्धा पोचला."

"अगं, गोष्ट राजपुत्राची आहे."

"असू दे ना. पण याला कुणी सांगितलं का, जा म्हणून?"

"चार वेळा वाचलंय मी," बाई म्हणाल्या. "मला तो आठवतसुद्धा नाही. वाच पुढे. येईल."

तो येईना. रोज जेवण झालं की बाई विचारत, "आज तरी?" राजपुत्र तिकडे प्रेमभंगाने विष घ्यायच्या बेतात होता, आणि या दोघी म्हणत होत्या, "चल, पुढे चल."

सातशे चौथं पान संपलं. गाडीवान आला नाही.

"यादीत तरी आहे का गं तो?" बाईंनी विचारलं.

सोबतिणीने मला उघडलं. "यादीत नोकरचाकर आहेत."

"पेन्सिल घे. त्याचं नाव लिही. तेवढाच आत येईल."

तिने त्या ओळीखालच्या कोऱ्या समासात लिहिलं. मग दाई, मग स्वयंपाकी, मग गारठलेल्या हातांनी कपडे धुणारी. अकराही जणांची नावं तिला तोंडपाठ होती. बाईंना एकही सांगता आलं नाही.

"झाले सगळे?"

"झाले."

"आता तुझं लिही."

"माझं? बाई, मी कुठे आहे यात?"

"लिही म्हणते ना. आणि मोठ्याने वाच. सात महिने येतेयस तू. मी 'अगं, अगं' करत राहिले. तुझं नाव मला माहीत नाही."

सोबतिणीने नाव वाचलं. बाईंनी ते दोनदा उच्चारलं, हजेरी घेतात तसं. दुसऱ्या वेळी ती "हजर" म्हणाली.

सोबतीण पुस्तक परत द्यायला गेली तेव्हा ग्रंथपालांनी पेन्सिल पाहिली आणि खोडरबर काढला. "बाईंनी सांगितलं म्हणून लिहिलं," सोबतीण म्हणाली. "खोडायचं तर त्यांना विचारून खोडा." ग्रंथपाल बाईंचेच जुने विद्यार्थी निघाले. डोक्यावरचे केस गेले होते, पण धाक गेला नव्हता. खोडरबर खिशात घालून, पुस्तक घेऊन ते बाईंच्या घरी आले.

"बाई, ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहायचं नसतं."

"न वाचता खोडायचंही नसतं. तू वाचलंयस हे?"

ग्रंथपालांनी तीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले होते. हे वाचलं नव्हतं.

"आधी वाच," बाई म्हणाल्या. "जे नाव पुस्तकात नसेल, ते खुशाल खोड."

ग्रंथपालांना चार महिने लागले. एकेक नोकर सापडला की ते शाईने त्याच्यापुढे पानाचा आकडा घालत. तेवढ्या काळात बाई गेल्या. त्यांचं दिवसकार्य झाल्यावर सोबतीण ग्रंथालयात आली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"ती नावं आहेत का अजून?"

"अकरा सापडली," ग्रंथपाल म्हणाले. "गाडीवान एकशे अठरावर. तो पुढे कुठे गेला हो?"

"नाही गेला कुठे."

ग्रंथपालांनी शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "बारावं मात्र पुस्तकात नाही. मी दोनदा वाचलं."

"नाहीच आहे. ते माझं आहे."

"मग बाईंच्या म्हणण्याप्रमाणे खोडावं लागेल."

"खोडा," ती म्हणाली. तिने हरकत घेतली नाही. आयुष्यभर फारशी घेतली नसावी.

खोडरबर माझ्यापर्यंत आला. त्याचा थंडपणा मला जाणवला, मित्रांनो. मग तो तिथेच थांबला.

"तुम्ही बाईंना यातली किती पानं वाचून दाखवलीत?"

"सगळी."

ग्रंथपालांनी खोडरबर बाजूला ठेवला, पेन उघडलं, आणि तिच्या नावापुढे इतरांसारखंच नीट अक्षरात लिहिलं: पृष्ठे १ ते ७०४.

मित्रांनो, मी आता पिवळा पडलो आहे. कडा मोडतात, म्हणून मला हलक्या हाताने उलटा. वरची नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, ती गोष्टीत पुन्हा पुन्हा येतील. खालची मात्र पेन्सिलीची आहेत आणि दरवर्षी थोडी पुसट होतात. मला धराल तेव्हा अंगठा तिथे ठेवू नका.