साडूंची सावली

डोंगराला पायऱ्या कापून केलेल्या शेतांची एक मोठी सोय असते. भांडायला शेजारी शोधत हिंडावं लागत नाही. एक वरच्या पायरीवर असतो, एक खालच्या. इथे तर वरचा आणि खालचा एकमेकांचे साडू होते, म्हणजे ही सोय घरपोच होती.

वरच्या साडूंनी बांधावर शिरीष लावला. मुळं माती धरून ठेवतात, पाला शेळ्यांना होतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. झाडानं ते मनावर घेतलं. मुळं वर राहिली, सावली मात्र खालच्या साडूंच्या मक्यावर पडू लागली. मका पिवळा पडला आणि खालचे साडू लाल झाले.

"तुझी सावली आवर," ते बांधाखालून म्हणत.

"आवरतो की. दोरी आहे का तुमच्याकडे?" वरून उत्तर येई.

हा विषय खालच्या साडूंनी लग्नाच्या मांडवात काढला, दवाखान्याच्या रांगेत काढला. शेवटी वैतागून मक्याचा नाद सोडला आणि सावलीतली ती पट्टी बायकोला देऊन टाकली. "घे तुला. काय उगवायचं ते उगव." आयुष्यातलं त्यांचं हे पहिलंच दान. पुढे त्याचं काय झालं हे बघायला ते तिकडे फिरकलेच नाहीत.

बायकोनं तिथे आलं लावलं. आल्याला भर उन्हाचं वावडं असतं. शिरीषाखाली ते मस्त माजलं. संसारात पहिल्यांदाच तिचं स्वतःचं असं एक पीक उभं होतं आणि त्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता. नवऱ्याला सांगितलं असतं, तर ते लगेच त्याचं झालं असतं.

अशात एका सकाळी वरचे साडू छाटणीवाल्याला घेऊन बांधावर हजर झाले. छाटणीवाला बोलता बोलता शेंड्याकडे पोचलासुद्धा.

"साडूभाऊ," वरच्यांनी हाक मारली, "कान किटले माझे. आज सगळ्या फांद्या उतरवतो. नुसतं खोड ठेवतो. झालं समाधान?"

खालचे साडू हातात चहाचा कप घेऊन विजयी चालीनं निघाले, तर बायकोनं दारातच अडवलं.

"थांबवा त्यांना. खाली माझं आलं आहे. करपेल सगळं."

"आलं? कधी आलं?"

"लावलं तेव्हा आलं. बघायला गेलात का कधी?"

"अगं, पण साऱ्या गावासमोर मी त्या सावलीला शिव्या घातल्यात."

"गाव वाढतं का तुम्हाला जेवायला?"

खालचे साडू बांधापाशी आले. खाकरले. "फांदी कच्ची दिसते. पडेल बिचारा."

"मग आधी तीच उतरव रे," वरच्यांनी झाडाकडे बघून फर्मावलं.

"माझ्या शेतात आदळेल ना पण."

"दोर बांधून अलगद सोडेल. तुमच्यासाठी एवढंही नको करू?"

एवढ्या सौजन्यापुढे माणसानं करावं काय? झाडावर कोयता उगारला गेला. बायको आल्याच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली आणि नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. लग्न झालेल्या माणसाला तेवढं पुरतं.

"हात लावायचा नाही," खालचे साडू म्हणाले. "झाड तुझं असेल. सावली पडते माझ्या शेतात. म्हणजे ती माझी."

वरचे साडू बांधावर बसलेच. "तुमची? मग इतकी वर्षं तक्रार कसली करत होतात?"

"आपल्या वस्तूची तक्रार आपण नाही करायची, तर कुणी करायची? आता बायकोबद्दल मी..." त्यांनी वाफ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य तिथेच ठेवलं. "मुद्दा असा, की एक पानही हलता कामा नये."

"एक फांदी तोडायला हवी," बायको म्हणाली.

"काय?"

"ती पलीकडची, दाट. तिच्याखाली ओल राहते, कंद कुजतो. तिथे थोडं ऊन हवं."

"अगं, मी आत्ताच सांगितलं ना, माझ्या सावलीला..."

"सावली तुमची. आलं माझं."

"माझ्या पायांना मुंग्या आल्यात," वरून छाटणीवाला म्हणाला. "ऐकायचं कुणाचं?"

दोन्ही साडूंनी एकाच वेळी वाफ्याकडे बोट दाखवलं. त्यांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. पण तो साजरा करण्याच्या मनःस्थितीत दोघंही नव्हते.

फांदी दोरावरून उतरली. वाफ्याच्या कोपऱ्यात भाकरीएवढं ऊन पडलं. बायकोनं ते पाहिलं, मान हलवली आणि फांदीचा पाला ओरबाडून आल्याच्या बुडाशी अंथरायला घेतला.

"ताई, पाला तरी आमचा ना?" वरच्यांनी विचारलं. "शेळ्या वाट बघताहेत."

"पडला कुठे, ते बघ," खालचे साडू म्हणाले आणि पहिल्यांदाच बायकोच्या वाफ्यात उतरून, तिनं दाखवलं तिथे, पाला पसरू लागले.

"तुडवू नका," ती म्हणाली.