रुग्णाची खुर्ची

या, जरा पुढे सरकून बसा. आज एका थोरल्या वहिनीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट लहानशीच, पण ज्याच्या घरात राबणारं बाईमाणूस आहे, त्यानं कान देऊन ऐकावी.

नवरा गेल्यापासून वहिनी दिराच्या घरी राहत होत्या. छळ कुणी केला नाही. हाक मात्र दिवसभर. सकाळी डबे, मग धुणं, दुपारी शिवणयंत्रावर घरादाराचं उसवलेलं. आसऱ्याला राहिलेल्या विधवेनं कुरकुर करायची नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं; घरच्या वाऱ्यातच होतं ते. छाती भरून आली की म्हणायच्या, पित्त असेल. एकदा ओट्यापाशी मटकन बसल्या, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या.

महिन्याभरानं पुन्हा दवाखाना. डॉक्टरांसमोर दोन खुर्च्या. एकीवर दीर, दुसरीवर पुतण्या. वहिनी पिशवी धरून दाराशी उभ्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे, आजूबाजूच्या बारीक वाहिन्या कसंबसं रक्त पोचवताहेत. ती उघडून औषध लावलेला स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवता येईल; ते औषध हळूहळू झिरपतं आणि वाट पुन्हा बुजू देत नाही.

दिरांना गेल्या वर्षी तसाच स्टेंट बसलेला, त्यामुळे ते अर्धे डॉक्टरच झाले होते. पुतण्यानं मोबाईलवर वाचून ठेवलेलं. ही कंपनी की ती, हे औषध की ते, जाळी किती पातळ; बापलेकांची अशी जुंपली, जणू घरात पंखा घ्यायचाय.

डॉक्टर कंटाळून म्हणाले, चांगल्या स्टेंटांत फरक एकोणीस-वीसचा, ते माझ्यावर सोडा. मुळात ती रक्तवाहिनी उघडायची की गोळ्यांवरच ठेवायचं, हे त्रासावर ठरतं. त्रास कितपत आहे?

"छे हो," दीर हसले, "आमच्या वहिनीला कसला त्रास? अजून एकटी घर ओढते."

"मग गोळ्याच चालू ठेवू." डॉक्टर लिहू लागले.

दीर प्रेमानंच बोलले होते. घात होता तो तिथेच. वहिनींना राग आला नाही. रागावायलाही अंगात बळ लागतं. आता गप्प बसलो तर असंच मरेपर्यंत ओढायचं, एवढं मात्र त्यांना स्वच्छ दिसलं.

"भाऊजी, जरा उठता का?" त्या म्हणाल्या. "ती खुर्ची माझी आहे."

दीर गोंधळून उठले. वहिनी बसल्या, दम घेतला आणि सांगू लागल्या. बादली उचलली की छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं होतं. जिन्यात मध्येच बसावं लागतं. कुणी आलंच तर चपलेचा बंद लावायचं सोंग करते.

"आणि मी दमलेय, डॉक्टर. फार दमलेय."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. धोका काय, वाट उघडलीच नाही तर काय, हे आता ते त्यांनाच समजावू लागले. सगळं ऐकून वहिनींनी होकार दिला. मग विचारलं, नंतर काम किती दिवस बंद? आठवडाभर, डॉक्टर म्हणाले.

"पंधरा दिवस सांगा. भाऊजी ऐकताहेत."

डॉक्टर हसले. दिरांना हसता आलं नाही.

तर मंडळी, आज जेवायला बसाल तेव्हा सगळ्यांना वाढून शेवटी बसणारी जी कोणी असेल, तिची आठवण ठेवा. बरं आहे ना, विचारा. ती "काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका.