डाव्या हाताचा दाब

सिस्टर बेनितांना संत म्हणायचं की नाही, याची चौकशी करायला पुण्याहून फादर आले, तेव्हा डिंभ्याच्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली काम केलेली रत्ना आठ वर्षं एक खोटं सांभाळत होती. मरताना सिस्टरांनी मारेकऱ्यासाठी प्रार्थना केली, असं तिनंच गावाला सांगितलं होतं. आता ते चर्चच्या छापील पत्रकातही आलं होतं.

"बायबलवर हात ठिवायचा का?" तिनं विचारलं. "आमी बौद्ध हाय."

"खरं सांगा, तेवढं पुरे. प्रार्थनेचे शब्द आठवतात?"

रत्नाला आठवत होतं ते निराळंच. अठ्ठ्याण्णवच्या मार्चातली दुपार. नवऱ्यानं डोकं फोडलेली ठमाबाई आत टाके घालून घेत होती, आणि तो नवरा, भिमाजी, कुऱ्हाड घेऊन दारात आला. सिस्टर आडव्या आल्या. पहिला घाव त्यांच्या उजव्या खांद्यात उतरला. हाड वाळल्या फांदीसारखं कडाडलं. दुसरा त्यांनी चुकवला. कुऱ्हाड चौकटीवरून निसटली ती भिमाजीच्याच मांडीत. ठोक्याठोक्याला रक्त उडून फळीवरच्या बाटल्यांवर पडू लागलं. ठमाबाई जीप आणायला रस्त्याकडं पळाली.

"रत्ना, त्याची मांडी दाब."

रत्नानं दाबली नाही. तिनं त्या मांडीवर लाथ घातली. मग आणखी एक.

सिस्टर सरपटत गेल्या आणि डावी मूठ त्या जखमेत कोंबली. भिमाजी तडफडत त्यांना बुक्के घालत होता.

"हलू नको गाढवा. मरायचंय का?"

रत्ना भानावर येऊन त्यांच्या खांद्यावर टॉवेल दाबू लागली, तोवर फरशीवर त्यांचंच रक्त जास्त झालं होतं. जीप दारात लागली तेव्हा ती मूठ ढिली पडली. भिमाजी जगला.

"प्रार्थना नाय केली त्यांनी," रत्ना म्हणाली. "गाढव म्हनाल्या त्याला. आन् मी लाथा घातल्या, ते बी लिवा. यानं त्यांचं संतपण गेलं तर जाऊ द्या. शंभरचा ताप एकशेएक लिवला तरी कान पिळायच्या माझा."

फादर पेन ठेवून उठले. दाराच्या चौकटीवरची कुऱ्हाडीची खाच त्यांनी बोटानं चाचपली.

"मूठ किती वेळ होती?"

"चाळीस मिनटं. घड्याळ समोरच व्हतं."

त्यांनी पत्रकातली प्रार्थनेची ओळ खोडली आणि कोरा कागद पुढं ओढला.

"हात कुठला?"

"डावा," रत्ना म्हणाली. "उजवा उचलत नव्हता."