कानी फिरे

मच्छिंद्र तांब्यांनी आयुष्यात बऱ्याच पत्रांना उत्तरं दिली नव्हती, पण धनश्रीच्या पत्रानं त्यांची झोप उडवली होती. ते दिवाळीत आलं आणि माघ उजाडला तरी शब्दकोशात ठेवलेलं तसंच पडून होतं. पत्र लांबलचकही नव्हतं.

"सर, कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकात तुमची कविता सापडली. आमच्या बँडनं तिला चाल लावली आहे. गाऊ का? फोनवर तुम्ही 'हं'च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र. हो की नाही, एवढंच कळवा. उत्तर आलं नाही तर नाही समजेन."

तांबे राहुरीच्या कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते. वर्गात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी गाव त्यांना गुरुजीच म्हणे. धनश्री तेव्हाची विद्यार्थिनी. कपाटंच्या कपाटं वाचून गेलेली, आता पुण्यात गाणारी.

कविता त्यांनी जन्मात एकच केली होती. कॉलेजच्या ऑफिसात एक टायपिस्ट बाई होती. बदली झाल्यावर ती पुस्तकं परत करायला आली आणि म्हणाली, "मी उद्या जाते आहे. तुम्हाला जर..." तेवढ्यात शिपाई आला. वाक्य अर्धंच राहिलं. 'जर काय?' असं विचारायचं तांब्यांनी नक्की केलं, पण नक्की होईपर्यंत ती जाऊन दोन वर्षं झाली होती. मग कविता झाली, लग्न झालं नाही. थोरली विधवा बहीण लंकाबाई घर सांभाळायला आली ती कायमची.

आता 'हो' लिहावं, तर आपल्याच कवितेला आपण चांगली म्हटल्यासारखं होतं. 'नाही' लिहावं, तर जपून ठेवण्याइतकी ती मोठी आहे असं होतं. अकरा मसुदे झाले. बहुतेक 'पत्र मिळाले' की 'पोचले' इथंच अडले.

इकडे गावच्या कानिफनाथांची यात्रा जवळ आली. कमिटीचे अध्यक्ष गोरक्षअण्णा यांनी पारावर जाहीर केलं, "यंदा पुण्याचा बँड! पोरगी आपल्या राहुरीचीच हाय."

"कापडं लाल का निळी?" कुणीतरी विचारलं.

"ते इचारायचं ऱ्हायलं."

यात्रेच्या दिवशी दुपारी गाडीतून चौघं उतरली. धनश्री आणि तीन दाढीवाले. चौघांचेही कपडे काळे आणि विजारी गुडघ्यावर फाटलेल्या. गाव बघतच राहिलं.

"आण्णा, सुपारी देताना कापडाचं बगायचं व्हतं."

"आन् पिपाणी कुठंय वो? पिपाणीबिगर कसला बँड?"

ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. पहिलं गाणं सुरू झालं तशी देवळाच्या शिखरावरचे पारवे उठून थेट मुळा धरणाच्या दिशेनं गेले. गाणं संपलं. टाळी नाही की शिट्टी नाही. मग मागून एक म्हातारा समजुतीच्या सुरात ओरडला, "चेकिंग झालं आसंल तर आता वाजवा!"

दुसऱ्या गाण्यानंतर "नागीण लावा" झालं. तिसऱ्याला निम्मी माणसं कुस्त्यांच्या हगाम्याकडं चालू लागली. गोरक्षअण्णा घाम पुसत ट्रॉलीवर चढले. "ताई, नाथांच्या यात्रंत नाथांचं येक तरी म्हना. मानसं उठाय लागली."

धनश्रीला नाथांचं एकही येत नव्हतं. ती गर्दीवरून नजर फिरवत राहिली आणि लिंबाखाली अंग चोरून उभे असलेले तांबे तिला दिसले. तिनं माईक तोंडाशी घेतला.

"तांबे सर! पत्र आलं नाही तुमचं. हो की नाही?"

सगळं गाव वळलं. 'पत्राने कळवतो' असं काहीसं तांब्यांना म्हणायचं होतं. बाहेर आलं ते, "हं."

"हं म्हणाले!" धनश्री हसली आणि ड्रमवर काठी पडली.

पहिलं कडवं कुणालाच ऐकू गेलं नाही. *तुझे अर्धे वाक्य अजून* ही ओळ, जिच्यापायी तांब्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला होता, ती गिटारीखाली चिरडून गेली. पण धृपद आलं आणि धनश्रीनं आवाज लावला, "कानी फिरे, कानी फिरे!"

पुढच्या रांगेतला एक जण दचकला. "आरं, कानिफ रे म्हनती!"

"कानिफ रे!" दुसरा ओरडला.

मग विचारू नका. हगाम्याकडं गेलेली माणसं पैलवानांसकट मागं आली. "कानिफ रे, कानिफ रे" असा एकच गजर झाला. गुलाल उडाला. ड्रम वाजवणारा तर मान झोकून केस गरगरा फिरवू लागला. ते बघून लंकाबाई उभी राहिली.

"वारं आलं गं बया, लेकराच्या अंगात वारं आलं!"

कुणी अडवायच्या आत ती ट्रॉलीवर चढली, त्याच्या कपाळाला भस्म फासलं आणि हात जोडून विचारलं, "बाबा, आमची म्हस कवा व्याल?"

त्या गदारोळात बिचाऱ्याला फक्त 'कवा' ऐकू आलं. त्याला वाटलं, पुढचा कार्यक्रम विचारतात. तो ओरडला, "शनिवारी!"

गाणं सात वेळा म्हणावं लागलं. शेवटी गोरक्षअण्णांनी तांब्यांना दंडाला धरून वर ओढलं आणि नारळ दिला. "गुरुजी, नाथांवर आसलं गानं लिवलं आन् आमाला पत्ता न्हाई! लई छुपे निघाले तुमी."

तांबे म्हणाले, "तसं नाही ते..." पुढचं गजरात बुडालं. अर्धी वाक्यं त्यांच्या नशिबीच असावीत.

निघताना धनश्रीनं त्यांना बाजूला घेतलं. "सर, गाणं रेकॉर्ड करतोय. कंपनीवाल्यांनी आत्ताच मोबाईलवर ऐकलं. म्हणतात, 'कानिफ रे'च ठेवा, गावोगाव वाजेल. तुम्ही म्हणाल तर मी 'कानी फिरे' ठेवीन, मग ऐकणारे असतील शंभर. महिनाअखेरपर्यंत लिहून कळवा. पत्र आलं नाही तर 'कानिफ रे' समजेन."

शनिवारी म्हैस व्याली. रेडी झाली.

मग काय, घराला तीर्थाची कळा आली. भजनी मंडळानं टाळांवर गाणं बसवलं. लंकाबाईला बायका देवळात पुढं जागा देऊ लागल्या. पुढच्या यात्रेला मच्छिंद्रनाथांवरही एक होऊन जाऊ द्या, असा निरोप आला. नावाचाच देव असल्यानं गुरुजींना अवघड जाणार नाही, असं कमिटीचं मत पडलं. तांब्यांना आजवर भीती होती की आपली कविता कुणाला कळणार नाही. आता ती चुकीची कळली होती आणि सगळे खूश होते. गप्प बसलं की झालं. त्या कामात तर त्यांचा हात कुणी धरला नसता.

पण कोरा कागद पुढं घेऊन बसले की ती बाई 'जर'पाशी येऊन थांबे. जे वाक्य पुरं करून घ्यायची हिंमत झाली नव्हती, ते निदान दुसऱ्याच्या नावावर तरी जाऊ नये, असं त्यांना वाटे. मग लंकाबाईचा उजळलेला चेहरा दिसे आणि ते कागद बाजूला सारत.

महिन्याचे तीन दिवस उरले तेव्हा त्यांनी चुलीपाशी जाऊन सांगून टाकलं, "अक्का, ते गाणं नाथांचं नाही."

लंकाबाई पिठलं हलवत होती. "मंग?"

"एका बाईचं आहे."

"त्या टायपिष्टीचं व्हय?"

तांबे मटकन पाटावर बसले. "तुला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्सं बिनलग्नाचा ऱ्हायला तू. मी काय येडी हाय का?"

"मग लोकांना बोलली का नाहीस?"

"तू तरी कुटं बोलला?" तिनं पळी काठावर आपटली. "आन् कुनाचं का आसंना, म्हस तर शनवारीच व्याली न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबे गावच्या पोस्टात गेले. डाकपाल भागवतनं सवयीनं बंद होणारं आंतरदेशीय पत्र पुढं केलं. तांब्यांनी मान हलवून कार्ड मागितलं. भागवतच्या हाती पडलेलं कार्ड पत्त्यावर पोचण्याआधी पारावर पोचतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तांब्यांनाही माहीत होतं. त्यांनी तिथंच उभ्यानं लिहिलं, मसुदा न करता:

"धनश्रीस आशीर्वाद. ही नाथांची स्तुती नव्हे. एका बाईच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याविषयी आहे. आहे तशीच गा. 'कानी फिरे'. नी दीर्घ. म. तांबे."

भागवतनं कार्ड घेतलं, चष्मा वर केला आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. मग परत वरून वाचलं.

"गुरुजी, मंजी ते गानं नाथांचं न्हाई?"

"नाही."

"मंग ही बाई कोन?"

तांब्यांचे कान तापले होते. पाय दाराकडं वळू बघत होते, पण ते खिडकीपाशीच उभे राहिले.

"शिक्का मारा, भागवत."

भागवतनं शिक्का मारला. तारीख जरा पुसट उठली म्हणून पुन्हा एकदा मारला आणि कार्ड थैलीत टाकलं.