लागलेल्यांची यादी

मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय मी सव्वीस वर्षं शिकवतोय. माणूस कसा निवडावा, कसा घडवावा, कसा टिकवावा. मला स्वतःला मात्र कॉलेज अजूनही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर ठेवतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

शिवाय विद्यार्थ्यांना नोकऱ्या लावून देण्याचं लचांड माझ्याच गळ्यात. नियम एकच: एका विद्यार्थ्याला एक नोकरी. नेमणुकीचं पत्र आलं, की मी नावापुढे 'लागला' किंवा 'लागली' लिहितो, आणि मग पुढच्या मुलाखतींना बसता येत नाही. नियम माझाच. हुशार पोरं चार-चार पत्रं खिशात घालून मिरवायची आणि बाकीची कोरडी राहायची, म्हणून केला.

त्या दिवशी वर्षातली शेवटची कंपनी आली होती. सकाळीच वकीलबाई माझ्या टेबलापाशी आली. वर्गात फार वाद घालायची, म्हणून पोरांनी तिला हे नाव ठेवलेलं. आज आवाज पार बसला होता.

"सर, मला घेतलेल्या कंपनीनं रुजू व्हायची तारीख परत पुढे ढकललीय. तिसऱ्यांदा. 'पुढील सूचनेपर्यंत' म्हणे. फोनपण उचलत नाहीत. यादीतून माझं नाव काढा ना. आज बसू द्या मला."

"अगं, पुढे ढकललंय. नाही कुठे म्हटलंय?"

"त्याचा अर्थ काय असतो ते तुम्हीच शिकवलंत, सर." तिनं फाइल या हातातून त्या हातात घेतली. "मी लागले म्हणून आईनं काम सोडलं. गुडघे गेलेत तिचे. आता परत जाते म्हणतेय."

मी प्राचार्यांकडे गेलो. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "गुरुवारी तपासणी समिती येतेय. शंभर टक्के लागले, असं कळवून झालंय. एक नाव काढलंत तर ते बाकीची उकरतील. आणि हो, तुमचा करार याच महिन्यात संपतो ना?"

पाण्यात राहून माशाशी वैर करायची माझी छाती नाही. कधीच नव्हती.

"बघू," मी तिला सांगितलं. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी ती मुलाखतीच्या खोलीबाहेर फाइल मांडीवर घेऊन बसून राहिली. जेवायलाही उठली नाही.

दोनच्या सुमाराला कंपनीच्या बाई बाहेर आल्या. "सर, एक जागा उरलीय. अजून कोणी आहे का? पाच मिनिटांत बोलून घेते."

वकीलबाई उठून उभी राहिली. ओढणी नीट केली.

तिचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. खोटं नाही सांगत, आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "आमचे सगळे लागले."

"अरे वा! अभिनंदन, सर," म्हणत बाईंनी माझा हात हातात घेतला आणि त्या आत गेल्या.

वकीलबाई माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मग आईला सांगू ना, सर," तिनं विचारलं, "उद्यापासून जा म्हणून?"